जिभेखालची जखम आणि वेळेआधी आलेला दात

प्रश्न : ताई, माझी मुलगी पाच आठवड्यांची आहे. जन्मली तेव्हाच खालच्या हिरडीत समोर एक दात होता आणि बारशाच्या दिवशी त्याच्याच शेजारी दुसऱ्याचं टोक दिसलं. गेल्या आठवड्यापासून ती दूध पिताना रडते, दोन मिनिटं पिऊन तोंड बाजूला करते. जीभ उचलली की खाली पांढरट-पिवळा चट्टा दिसतो, त्याच्या कडा जाड झाल्या आहेत. जवळच्या डॉक्टरांनी बुरशी म्हणून थेंब दिले, पण फरक नाही. मेडिकलवाल्याने दात येताना लावायचं जेल दिलं. सासूबाई म्हणतात, टाकणखाराची लाही मधात कालवून लाव. माझी आई म्हणते, दात काढूनच टाक, असे दात मामाला जड जातात. त्यात भावाचं लग्न ठरलंय. शेजारच्या एकीने तर ही गाठ कॅन्सरची असेल असं सांगून माझी झोप उडवली. दात काढू का? अंगावरचं पाजणं बंद करू का?
– एक आई, धायरी

उत्तर : आधी दोन गोष्टी सांगते, मग बाकीचं. अंगावरचं दूध बंद करू नकोस. आणि त्या दाताला घरात कुणालाही हात लावू देऊ नकोस, अगदी प्रेमाने बघायला म्हणून हलवूनही नाही.

तू जखमेचं वर्णन इतकं नीट केलं आहेस की बहुतेक उत्तर तुझ्याच पत्रात आहे. बाळ दूध पितं तेव्हा जीभ खालच्या हिरडीवरून पुढे येते आणि पुढे-मागे होत राहते. या वयात हिरडी मऊ आणि गुळगुळीत असायला हवी. तुझ्या मुलीच्या हिरडीवर मात्र दात आहे, त्याची कड धारदार आहे आणि दिवसाकाठी आठ-दहा वेळा, दर वेळी शेकडो हेलकाव्यांनी जिभेची नाजूक खालची बाजू त्यावर घासते आहे. आधी लाली येते, मग साल निघते, मग व्रण पडतो. शरीर तो भरून काढायला बघतं, तेवढ्यात पुढची पाजण्याची वेळ होते. सततच्या या ओढाताणीत कडा जाड आणि उंच होतात आणि मधोमध पिवळट साका बसतो. कडांना हात लागला की आत गाठ आहे असं वाटतं. शेजारणीला बहुधा तीच कड दिसली असणार.

या जखमेला रीगा-फेदे आजार म्हणतात. इटलीतले डॉक्टर अंतोनियो रीगा यांनी १८८१ मध्ये तिचं वर्णन केलं आणि फेदे यांनी १८९० मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली तिचा अभ्यास केला. हे मुद्दाम सांगते आहे, कारण रात्री दोन वाजता मोबाइलवर ‘जिभेखाली गाठ’ असं शोधणाऱ्या आईला कळायला हवं की सव्वाशेहून जास्त वर्षं डॉक्टरांच्या ओळखीची ही जखम आहे. ती घासण्यातून होते आणि घासणं थांबलं की भरते. हा कॅन्सर नाही.

जन्मतः दात असणं विरळा असलं तरी अघटित नाही. ढोबळमानाने दोन ते तीन हजार जन्मांमागे एका बाळाला असा दात असतो. पहिल्या तीस दिवसांत येणाऱ्या दातांनाही याच गटात धरतात, म्हणजे तुझ्या मुलीचे दोन्ही दात त्यात आले. बहुतेक वेळा ते खालचे समोरचेच असतात. आणखी एक महत्त्वाची गोष्ट आजी-आजोबांना सांग : यातले नव्वद टक्क्यांच्या वर दात जास्तीचे नसतात. सहा-सात महिन्यांनी जे दुधाचे दात यायचे, तेच हिरडीत वरच्या थरात राहिल्यामुळे लवकर बाहेर पडलेले असतात. गरोदरपणात तू काय खाल्लंस किंवा काय खाल्लं नाहीस, याच्याशी त्याचा संबंध लावून स्वतःला दोष देऊ नकोस.

आता थेंबांचा फरक का पडला नाही ते बघू. नवी चप्पल टाच चावत असेल तर मलम लावून तीच चप्पल पुन्हा घालण्यात अर्थ नसतो. इथेही जखमेवर काहीही लावलं तरी दाताची कड तशीच आहे. शिवाय बुरशी वेगळी दिसते. जिभेच्या वरच्या बाजूला, गालांच्या आत, ओठांच्या आत दह्यासारखे पांढरे ठिपके असतात, पुसले तर निघतात आणि खाली लालसर भाग दिसतो. तुझ्या मुलीची जखम एकच आहे, जिभेच्या खाली आहे आणि बरोब्बर दातासमोर आहे. डॉक्टरांकडे पुन्हा जाशील तेव्हा जीभ उचलून दाखव आणि दात जन्मतः आहे हे आधी सांग. तान्ह्या बाळाची जीभ सहज वर होत नाही, त्यामुळे घाईत खालची बाजू बघायची राहून जाऊ शकते.

एक मात्र तपासून घे. तुमच्या घरी बोटाला फडकं गुंडाळून बाळाचं तोंड आतून घासून साफ करायची पद्धत असेल तर ती आजच थांबव. त्या घासण्याने, आणि काही वेळा बाटलीच्या बोंडाच्या दाबाने, टाळूच्या मागच्या भागातही जखमा होतात. हिरडीवर किंवा टाळूवर मोत्यासारखे छोटे पांढरे दाणे दिसले तर ते दात नाहीत आणि पूही नाही. ते आपोआप जातात, खरवडायचे नाहीत.

जेल आणि टाकणखार यांबद्दल मला जरा सविस्तर बोलायचं आहे, कारण माझ्या मते या घडीला तुझ्या मुलीला दातापेक्षा मोठा धोका या दोन गोष्टींचा आहे.

मेडिकलमधून मिळणाऱ्या सुन्न करणाऱ्या जेलमध्ये बहुतेक लिग्नोकेन किंवा बेंझोकेन असतं, काहींमध्ये सॅलिसिलेट असतं, म्हणजे ॲस्पिरिनच्या कुळातलं औषध. पाच आठवड्यांचं बाळ ते थुंकत नाही, गिळतं. लिग्नोकेन जास्त पोटात गेलं तर तान्ह्या बाळाला झटके येऊ शकतात, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. अमेरिकेच्या औषध नियामकांनी २०१४ मध्येच बाळांच्या हिरडीला ते लावू नका असा स्पष्ट इशारा दिला. बेंझोकेनने रक्ताची प्राणवायू वाहून न्यायची ताकद घटू शकते, बाळ निळसर पडतं. दोन वर्षांच्या आतल्या मुलांना ते देऊच नये. सॅलिसिलेटची तोंडाची जेल ब्रिटनमध्ये २००९ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांसाठी नको म्हणून सांगितली गेली. शिवाय घसा सुन्न झाला तर दूध ठसक्यात जातं. तेव्हा ती ट्यूब बाजूला ठेव. आधी लावून झाली असेल आणि बाळ नेहमीसारखं असेल तर घाबरू नकोस, फक्त यापुढे नको. तपासायला जाशील तेव्हा ट्यूब सोबत ने आणि किती वेळा लावली ते सांग.

टाकणखाराची लाही आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या तोंड आलं की वापरतात आणि सासूबाई ती मायेनेच सांगत आहेत, यात मला शंका नाही. पण टाकणखार म्हणजे बोरॅक्स. तो तान्ह्याच्या शरीरातून लवकर बाहेर पडत नाही, रोज थोडाथोडा साठत जातो. मध आणि टाकणखाराचं मिश्रण चोखणीला लावून बाळांना दिलं जात होतं आणि त्या बाळांना झटके आले, अशी नोंद १९८३ साली बालरोगाच्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली आहे. मधाचं वेगळंच आहे. मधात क्वचित अशा जंतूंचे बीजाणू असतात की ते मोठ्यांच्या पोटात काही करत नाहीत, पण वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात रुजून विष तयार करतात. बाळ मलूल होतं, मान टाकतं, चोखणं मंदावतं. म्हणून वर्ष पूर्ण होईपर्यंत मधाचं बोटही नाही. सासूबाईंना हे सांगताना ‘तुमचं चुकलं’ असं म्हणू नकोस. ‘डॉक्टरांनी मध आणि टाकणखार दोन्ही बंद सांगितलंय’ एवढं पुरे. माझं नाव पुढे केलंस तरी चालेल.

हळद, तुरटी, ग्लिसरीन, वेखंड यांपैकीही काही नको. जखमेवर घरी लावण्यासारखं काहीच नाही. काही बाळांना डॉक्टर स्टेरॉइडचं सौम्य मलम अगदी थोडं लावायला देतात. ते त्यांनी जखम बघून ठरवायचं.

आता तुझा मुख्य प्रश्न. दात काढायचा का?

याचं उत्तर दात किती हलतो आणि बाळ किती पितं यावर ठरतं. या दातांना मूळ जवळजवळ नसतं, हिरडीच्या मासाने ते धरलेले असतात, म्हणून थोडे हलतातच. पुष्कळ दात पुढच्या महिन्यांत घट्ट बसतात. दात बऱ्यापैकी घट्ट असेल तर पहिला उपाय म्हणजे त्याची कड बारीक दगडाने किंवा डिस्कने घासून गोल करणं. काही मिनिटांचं काम आहे, सुई लागत नाही, बाळाला कुशीत धरूनही होतं. तेवढ्याने भागलं नाही तर दाताच्या टोकावर दाताच्याच रंगाच्या सिमेंटचा, म्हणजे कॉम्पोझिटचा, छोटा गुळगुळीत घुमट बसवतात. यात अडचण एकच. या दातांचं वरचं कवच कच्चं आणि पातळ असतं, बाळाचं तोंड सतत ओलं असतं, त्यामुळे घुमट कधी कधी निघून येतो. तो बसवला तर दोन-तीन दिवसांनी पुन्हा दाखवायला जाच आणि रोज एकदा त्यावर नजर टाक.

दात काढायची वेळ येते ती तो फार हलत असेल तेव्हा, कारण सुटलेला दात श्वासनलिकेत जाण्याची जोखीम घ्यायची नसते. एक्स-रेमध्ये तो जास्तीचा दात निघाला तर काढायला हरकत नसते. आणि कड गोल करूनही जखम भरत नसेल, बाळाचं वजन वाढत नसेल, तर दात वाचवण्यापेक्षा दूध वाचवणं महत्त्वाचं. तेव्हा काढायला सांगितलं तर मागे हटू नकोस. दुधाचा दात गेला तर तिथे सहा-सात वर्षांची होईपर्यंत फट राहील. पक्का दात त्यानंतर येईल. फोटोत थोडं दिसेल, खाण्या-बोलण्यात फार अडचण यायची नाही.

काढण्याआधी एक गोष्ट मात्र विचारायचीच : जन्मल्यावर मांडीत व्हिटॅमिन के चं इंजेक्शन मिळालं होतं का? नवजात बाळात रक्त गोठवणारे घटक कमी असतात, म्हणून दहा दिवसांच्या आत दात काढणं शक्यतो टाळतात. तुझी मुलगी त्यापुढे गेली आहे, पण फक्त अंगावर पिणाऱ्या आणि ते इंजेक्शन न मिळालेल्या बाळांना दोन आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंतही रक्तस्रावाचा धोका राहतो. प्रसूतीच्या डिस्चार्ज कार्डवर त्याची नोंद असते. ते कार्ड आज शोधून ठेव. दोरा बांधून किंवा चिमटीत धरून दात ओढणं किती धोक्याचं आहे, हे यावरून तुझ्या आईलाही पटेल. शिवाय नुसता वरचा भाग ओढून काढला तर आत राहिलेल्या पेशींतून पुन्हा दातासारखा तुकडा वाढू शकतो, म्हणून डॉक्टर दात काढल्यावर खालची जागाही हलकेच साफ करतात.

मामाच्या बाबतीत तुझ्या आईशी मी स्वतः बोलावं इतकं मला वाटतं आहे. त्यांना सांग, मुलगी बरी होऊन मामाच्या लग्नात मांडवभर हिंडायला हवी, आणि त्यासाठी दाताचा निर्णय डॉक्टरांनी घेऊ दे. भावाच्या सुखदुःखाचा या दाताशी काही संबंध नाही. लग्नाची तारीख जवळ आली म्हणून दात काढायची घाई झाली तर त्रास फक्त या लेकराला होईल. तुझ्या भावाला हे ऐकवून बघ. बहुतेक वेळा मामाच पहिल्यांदा भाचीची बाजू घेतो.

पाजण्याचं सांगते. अंगावर पिणं हे या बाळासाठी औषधाइतकं आहे, पण सध्या प्रत्येक घोटाला दुखतं. मांडीवर थोडी उभी धर आणि तोंड मोठं उघडल्यावरच छातीला लाव, म्हणजे निप्पलसोबत काळसर भागही तोंडात जाईल. नुसतं टोक तोंडात असलं की जीभ जास्त घासते आणि तुलाही चावल्यासारखं होतं. झोपेत अर्धवट चोखत राहते तेव्हा हलकेच सोडव, चोखणी देऊ नकोस. कड गोल करून मिळेपर्यंत मधल्या एक-दोन वेळा दूध हाताने पिळून वाटी-चमच्याने दे. घरात आजीचं चांदीचं बोंडलं असेल तर तेही चालेल, पण पाण्यात चांगलं उकळून घे आणि नळीची कड गुळगुळीत आहे का बघ. चमच्याने पाजताना जीभ दातावर घासत नाही, जखमेला विसावा मिळतो. पिळलेलं दूध खोलीत चार तासांपेक्षा जास्त ठेवू नकोस. पुण्याच्या उन्हाळ्यात मी तर थेट फ्रिजमध्येच ठेवायला सांगेन. बाटली मात्र शक्यतो आणू नकोस. तिथेही जीभ तशीच पुढे येते आणि एकदा बाटलीची सवय लागली की अंगावर परत आणायला कष्ट पडतात.

बाळाला पुरेसं मिळतंय का, हे रडण्यावरून ठरवू नकोस. चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा शू होते का ते मोज. या वयात दिवसाला साधारण वीस-तीस ग्रॅम वजन वाढायला हवं. दीड महिन्याची लस आता आलीच आहे. त्या दिवशी वजन करून घे. तोंडात जखम आहे म्हणून लस मनाने पुढे ढकलू नकोस, डॉक्टरांना दाखवून तिथेच विचार.

शू एकदम कमी झाली, डोक्यावरची मऊ टाळू खोल गेली, बाळ उठवूनही पीत नाही, जखमेतून रक्त थांबत नाही, किंवा ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त आला, तर दंतवैद्याची वाट बघायची नाही. त्याच तासाला बालरोगतज्ज्ञ असलेल्या रुग्णालयात जा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाचा ताप दातामुळे आला असं कुणी म्हटलं तरी ऐकू नकोस. जेल किंवा टाकणखारानंतर बाळ निळसर, फार झोपाळू किंवा झटके दिल्यासारखं वाटलं तरी हेच.

जायचं कुठे? तुला बालदंतवैद्य हवेत, मोठ्यांचे दात बघणारे नेहमीचे दवाखाने नव्हेत, कारण पाच आठवड्यांच्या बाळाच्या तोंडात काम करायला त्याची सवय लागते. धायरीहून तुला वडगाव बुद्रुकचं सिंहगड दंत महाविद्यालय आणि धनकवडीचं भारती विद्यापीठाचं दंत महाविद्यालय जवळ आहे. कॅम्पात रंगूनवाला आणि पिंपरीला डी. वाय. पाटील आहे. या सगळ्यांत मुलांच्या दातांचा स्वतंत्र विभाग आहे. आधी फोन करून बाह्यरुग्ण विभागाची वेळ विचार आणि सकाळी पहिल्या नंबरात जा. सिंहगड रस्त्याच्या गर्दीत भुकेलं बाळ घेऊन अडकायला नको. निघताना पाज, डिस्चार्ज कार्ड आणि लसीकरणाचं कार्ड पिशवीत टाक, जखमेचा चांगल्या उजेडातला फोटो काढून ठेव. सोबत सासूबाईंना ने. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेलं घरी परत सांगावं लागत नाही.

तिथे विचारायचं ते असं : दात किती हलतोय, कड गोल करून भागेल का, एक्स-रेची गरज आहे का आणि पुन्हा कधी दाखवायचं. हे याच आठवड्यात कर. घासणं थांबलं की दोन-तीन दिवसांत पिणं सुधारतं आणि दोन-तीन आठवड्यांत जखम भरते. दोन आठवडे होऊनही ती मुळीच आटली नाही तर पुन्हा जायचं, मग डॉक्टर दात काढायचा का किंवा तुकडा तपासायला पाठवायचा का हे बघतील.

दात ठेवला तर त्याची निगा आजपासून. उकळून गार केलेल्या पाण्यात मऊ सुती कापड भिजवून दिवसातून दोनदा दातावरून हलकेच फिरव, जखमेला न लावता. त्याचं कवच कच्चं असल्याने कीड लवकर लागते. रंग पिवळट-तपकिरी दिसला तर घासून पांढरा करायचा प्रयत्न करू नकोस, तो तसाच असतो. आणि सातव्या-आठव्या महिन्यात बाकीचे दात आल्यावर जिभेवर किंवा ओठावर अशीच जखम पुन्हा झाली, विशेषतः चावून रक्त येऊनही मुलगी रडत नसेल, तर ते बालरोगतज्ज्ञांना आवर्जून सांग. त्या वयात अशी जखम क्वचित मज्जासंस्थेच्या आजाराची खूण असते. आत्ताच्या जखमेला ते लागू नाही, कारण इथे दात जन्मतः आहे आणि मुलगी दुखलं की रडते आहे.